मेंडोलिनचा आवाज कानाने कसा पारखावा?

नाशिकच्याच इंदिरानगर भागातील एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. ते तीन वर्षे प्लायवूडच्या साध्या मेंडोलिनवर शिकत आहेत आणि आता आयुष्यभर पुरेल असे एक वाद्य घ्यावे, असा त्यांचा विचार आहे. त्यासाठी त्यांनी चार वाद्यांची ध्वनिमुद्रणे हेडफोन लावून ऐकली. पहिले नासपतीच्या आकाराचे, लंबगोल छिद्राचे ए मॉडेल. दुसरे त्याच आकाराचे, पण व्हायोलिनप्रमाणे दोन बाजूंना एफ-आकाराच्या खाचा असलेले. तिसरे तशाच खाचांचे, परंतु खांद्यावर शंखासारखा वळसा कोरलेले एफ मॉडेल, आणि चौथे मागून अर्ध्या भोपळ्यासारखे फुगीर, जुन्या इटालियन घडणीचे. तिसरे त्यांना निःसंशय उत्तम वाटले, चौथे किनरे वाटले, आणि पहिल्या दोहोंत फरकच कळला नाही. ‘माझा कान अजून तयार झालेला नाही, की खरोखरच तिसऱ्या वाद्यासाठी तिप्पट पैसे मोजावेत?’ असे त्यांनी विचारले आहे.

तुमच्या कानात काही उणे आहे, असे मला वाटत नाही. उणीव तुलनेच्या मांडणीत आहे. संगीताच्या पहिल्या परीक्षांना आपण सगळ्यांनी नादाचे तीन गुण पाठ केलेले असतात: लहानमोठेपणा, उच्चनीचता आणि जाती. वाद्याचा ‘आवाज चांगला’ असे म्हणताना आपल्याला तिसऱ्या गुणाविषयी, म्हणजे नादाच्या जातीविषयी बोलायचे असते; तोच स्वर तितक्याच जोराने वाजला तरी दोन वाद्ये ज्यामुळे वेगळी ओळखू येतात, ती ही जाती. पण पहिले दोन गुण दोन्ही वाद्यांत तंतोतंत सारखे असल्याशिवाय जातीची तुलना होऊ शकत नाही, कारण कान हे तिन्ही गुण वेगवेगळे नोंदवत नाही, त्यांची एकच एकत्रित छाप मनावर उमटवतो. परीक्षेसाठी घोकलेली ही व्याख्या प्रत्यक्ष वाद्य विकत घेताना किती उपयोगी पडते, हे मला स्वतःला पुष्कळ उशिरा समजले.

लहानमोठेपणापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. एकाच आवाजाच्या दोन प्रती ऐकवल्या आणि त्यांतली एक जेमतेम एक डेसिबलने मोठी ठेवली, तर ऐकणारा ती ‘मोठी आहे’ असे सहसा म्हणत नाही. ती ‘अधिक स्वच्छ’, ‘अधिक भरदार’ आहे असे म्हणतो. यामागे कानाची घडणच आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की हळू आवाजात आपल्याला खालचे स्वर वरच्या स्वरांच्या मानाने फारच कमी ऐकू येतात आणि आवाज वाढत जातो तसतसा हा फरक कमी होत जातो. म्हणजे मेंडोलिन थोडे मोठ्याने वाजले की त्याचा खर्ज आपोआप भरल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात लाकडाने काहीही वेगळे केलेले नसले तरी. तुम्ही पाठवलेली चारही मुद्रणे मी ऐकली. तिसरे मुद्रण इतरांपेक्षा उघडउघड मोठे आहे. ते पहिल्या दोहोंच्या पातळीवर आणून मी पुन्हा ऐकले, तेव्हा त्याचा वरचढपणा बराचसा ओसरला. पूर्ण नाही, पण बराचसा. तुम्हीही तसे करून पाहा.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. समोरासमोर वाजवताना मोठा आवाज हा वाद्याचा खरा गुण असू शकतो, आणि तबला-हार्मोनियमच्या साथीत बसणाऱ्याला तो हवाच असतो. म्हणून प्रत्यक्ष वाद्ये पाहताना तुलना दोनदा करावी: एकदा दोन्ही वाद्ये सारख्याच जोराने छेडून, कोणते किती बोलते हे पाहण्यासाठी; आणि एकदा मोठ्या आवाजाचे वाद्य अंमळ हळू वाजवून, दोहोंची पातळी सारखी ठेवून, नुसती जाती पाहण्यासाठी. दुसरी फेरी बहुतेक लोक करतच नाहीत.

उच्चनीचतेची बाब वरवर सोपी वाटते, कारण दोन्ही वाद्ये ट्यूनरवर लावली की काम झाले असे आपण समजतो. मेंडोलिनला मात्र चार जोड्यांत आठ तारा असतात आणि खरी गोम त्या जोडीत आहे. ए-च्या जोडीतली एक तार सेकंदाला ४४० कंपनांवर आणि दुसरी तिच्यापेक्षा अवघे दोन सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या पन्नासाव्या हिश्शाने, वर असली, तर दर दोन सेकंदांना एक या गतीने आवाजात डोल निर्माण होतो. हा डोल सुरुवातीला कानाला गोड, रुंद आणि समृद्ध वाटतो; पण स्वराची आस नेमकी किती वेळ टिकते, हे त्यामुळे झाकले जाते, कारण स्वर विरत चालला आहे की डोलात खाली गेला आहे, हे कळत नाही. अनेक जण ज्या वाद्याला ‘भरदार’ म्हणतात, ते खरे तर किंचित बेसूर जोडीचे वाद्य असते. म्हणून तुलनेपूर्वी प्रत्येक जोडी कानाने एकजीव करून घ्यावी, आणि जी-डी-ए-ई हीच लावणी दोन्हीकडे ठेवावी. आपल्याकडे काही वादक सा-प-सा-प अशीही लावतात, पण तारांचा ताण बदलला की तबलीवरचा, म्हणजे वाद्याच्या वरच्या लाकडी फळीवरचा, दाब बदलतो आणि मग आपण दोन वाद्यांची नव्हे, दोन ताणांची तुलना करत बसतो.

आता तारांकडे येतो. मध्यम जाडीच्या एका प्रचलित संचात ई-ची तार सुमारे ०.२८ मिलिमीटर आणि जी-ची सुमारे १.०२ मिलिमीटर असते. खालच्या दोन जोड्यांवर फॉस्फर ब्राँझचे किंवा निकेलचे वेटोळे असते आणि वरच्या दोन साध्या पोलादी असतात. फॉस्फर ब्राँझची नवी तार चमकदार, काचेसारखी वाजते, निकेलची मुळातच मऊ. आणि घामाने काळवंडलेली कोणतीही तार बोथट आणि मिंधी वाजते. वीस वर्षांपूर्वी मी मुंबईतल्या एका दुकानातून एक वाद्य याच फरकाला भुलून घेतले. दुकानात त्याला नुकत्याच कोऱ्या तारा चढवल्या होत्या आणि शेजारच्या, निम्म्या किमतीच्या वाद्याला धूळ बसलेल्या जुन्या तारा होत्या. घरी आणल्यावर तीन महिन्यांत माझ्या वाद्याचा तो ‘उघडा’ आवाज नाहीसा झाला. मी दोन संच तारांना वाद्याची किंमत दिली होती. तेव्हापासून कोणतेही वाद्य पाहायला जाताना मी एकाच जातीचे दोन नवे संच सोबत नेतो आणि विक्रेत्याची परवानगी घेऊन दोन्हींना सारख्याच तारा चढवतो. विक्रेता नाही म्हणाला तर वाद्य तिथेच ठेवून येतो. तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नयेत, एकेक करून बदलाव्यात. मेंडोलिनची घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती लाकडी पट्टी, तबलीवर चिकटवलेली नसते, केवळ तारांच्या दाबाने उभी असते, आणि दाब गेला की ती सरकते.

या घोडीनेही पुष्कळ वाद्यांचा विनाकारण अपमान होतो. तिचे दोन्ही पाय तबलीच्या उंचवट्याला सर्वत्र टेकलेले असावे लागतात. वहीच्या कागदाची पट्टी पायाखाली सरकते का, ते पाहावे; सरकली तर त्या जागेतून तारेचे कंपन लाकडात उतरतच नाही आणि उत्तम तबलीही मुकी वाटते. घोडीच्या मागे, तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या बाजूला, तारांचे छोटे तुकडे आपले आपण झिणझिणत असतात. काहींना तो आवाज ‘हवा’ वाटतो. तुलनेपुरती दोन्ही वाद्यांवर तिथे मऊ चामड्याची किंवा बनातीची पट्टी विणून घ्यावी.

प्लेक्ट्रम, ज्याला आता सगळे पिक म्हणतात, ते तर एकच असावे. एकसारखे दोन नव्हेत, तेच एक. पातळ पिकने छेडल्यावर टोकाचा टकटक आवाज स्वरापेक्षा पुढे येतो, दीड मिलिमीटरच्या आसपासच्या जाड आणि गोलसर टोकाच्या पिकने तीच तार गोल वाजते. छेडण्याची जागाही मोजून ठेवावी. मूळ स्वरासोबत तारेतून वरचे बारीक उपस्वरही निघत असतात. तार जिथे छेडली जाते तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो, तो उपस्वर त्या आघातातून निघत नाही; म्हणून घोडीजवळ तीक्ष्ण आणि दांडीच्या टोकाशी मधाळ असा फरक एकाच वाद्यावर मिळतो. बहुतेक वादकांचा हात नव्या वाद्यावर नकळत दोन बोटे इकडेतिकडे जातो आणि मग तो फरक लाकडाच्या नावावर जमा होतो. हे सगळे वाचून कोणाला वाटेल की मी उगाच कीस काढतो आहे. पण तारा, पिक, घोडी आणि हाताची जागा यांमुळे पडणारा फरक हा दोन बऱ्या मेंडोलिनमधल्या फरकापेक्षा अनेकदा मोठा असतो, आणि पैसे आपण त्या लहान फरकासाठी मोजत असतो.

जागेबद्दल थोडक्यात. वाद्यांच्या दुकानात भिंतीवर टांगलेल्या गिटारी आणि सतारी आपल्या स्वरांना साथ देत झंकारत असतात. एक जोरदार आघात करून तारांवर लगेच तळहात ठेवा. तरीही खोलीत सूर रेंगाळला, तर ती आस तुमच्या हातातल्या वाद्याची नाही. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत सगळीच वाद्ये चमकतात. गाद्या-पडद्यांच्या खोलीत सगळीच थोडी मंद होतात. एकाच खोलीत, एकाच खुर्चीवर, वाद्य पोटाला न टेकवता ऐकावे, कारण पोटाने पाठ दाबली गेली की तिचे कंपन मरते. शिवाय वादकाला वरून जे ऐकू येते ते समोरच्याला ऐकू येत नाही. वरचे उपस्वर सरळ पुढे जातात. म्हणून एकदा स्वतः वाजवावे आणि एकदा दुसऱ्याला वाजवायला लावून आठ-दहा फुटांवर पाठ करून बसावे.

पाठ करून बसणे हे मी केवळ दिशेसाठी सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी पंचवटीतल्या माझ्या वर्गात मुलांना डोळे मिटायला सांगून मी ‘पहिले वाद्य’ आणि ‘दुसरे वाद्य’ म्हणून एकच मेंडोलिन दोनदा वाजवले. मध्ये नुसता पेटी उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज केला. जवळजवळ सगळ्यांनी फरक सांगितला, आणि तो मनापासून सांगितला: दुसरे जरा जुने वाटते, दुसऱ्याचा खर्ज खोल आहे. मुले खोटे बोलत नव्हती. फरक आहे असे गृहीत धरल्यावर मन तो तयार करून देते. व्हायोलिनच्या बाबतीत संशोधक क्लाउडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये इंडियानापोलिस येथे २१ वादकांना काळे चष्मे घालून मंद उजेडात सहा व्हायोलिन वाजवायला दिली होती, तीन नवी आणि तीन जुनी. जुन्यांत दोन स्ट्राडिव्हरी या विख्यात इटालियन कारागिराची होती. नवे कोणते आणि जुने कोणते, हे वादकांना खात्रीने सांगता आले नाही, आणि घरी न्यायला बहुतेकांनी नवे निवडले. ही माणसे आपल्यापेक्षा कितीतरी तयार कानांची होती.

त्यामुळे मी विद्यार्थ्यांना पुढील पद्धत सांगतो. चार वाद्ये एकदम ऐकू नयेत, दोनच घ्यावीत. नादाच्या जातीची बारीक आठवण मनात काही सेकंदच टिकते, म्हणून पूर्ण गाणे न वाजवता चार-पाच सेकंदांची एकच सुरावट आलटून पालटून वाजवावी. क्रमही बदलत राहावे. द्राक्षे चाखताना गोड घडानंतर तोंडात टाकलेला पुढचा मणी आंबट लागतोच, आणि म्हणूनच आपल्याकडचे बागायतदार केवळ जिभेवर न विसंबता ब्रिक्स, म्हणजे रसातले साखरेचे प्रमाण, मोजतात. मग मित्राने पहिले वाजवावे, दुसरे वाजवावे, आणि तिसऱ्या वेळी त्यांपैकी कोणतेही एक. ते कोणते हे तुम्ही न पाहता सांगायचे. असे दहा वेळा करा. निव्वळ अंदाजाने दहापैकी नऊ किंवा दहा उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे एक टक्का असते. तेवढी बरोबर आली तर फरक खरोखर आहे आणि तुमच्या कानाला तो कळतो. पाच-सहाच आली, तर त्या फरकासाठी तिप्पट पैसे मोजू नयेत, एवढे मी नक्की म्हणेन.

फरक आहे हे ठरल्यावर मगच तो कुठे आहे हे शोधायचे, आणि मला सर्वांत जास्त आनंद या टप्प्यावर मिळतो. मी तीन ठिकाणी कान लावतो. पहिले म्हणजे जी-ची मोकळी जोडी, १९६ कंपनांची. मेंडोलिनचे पोट लहान असते, त्याला इतका खालचा मूळ स्वर पेलणे जड जाते. हलक्या वाद्यात जी-चा मूळ स्वर जवळजवळ नसतोच, वरचे उपस्वर ऐकून आपला मेंदू तो भरून काढतो. चांगल्या वाद्यात या तारेला बूड असते. दुसरे ठिकाण ई-च्या जोडीवर बाराव्या पडद्याच्या वर. येथे साधारण वाद्य काचेच्या तुकड्यासारखे टोचते किंवा लाकडावर टिचकी मारल्यासारखे कोरडे वाजते, तर चांगले वाद्य तिथेही गाते. आणि तिसरे, माझ्या मते सर्वांत बोलके, म्हणजे स्वराचा शेवट. आघात सगळ्याच वाद्यांचे साजरे असतात. एक स्वर छेडून तो पूर्ण विरेपर्यंत गप्प बसा. विरताना त्याची जाती तशीच राहते, की आधी वरचे उपस्वर गळून मागे नुसता भोंगळ घुमारा उरतो, की उलट खालचा भाग आधी संपून तारेचा झिणझिणाट शिल्लक राहतो? चौथ्या पडद्यावर एखादा स्वर दणदणीत आणि पाचव्यावर एकदम मेलेला, असे होते का, हेही एकेक पडदा चढत तपासावे. त्यानंतर अगदी हळू ट्रेमोलो, म्हणजे एकाच स्वरावर पिकचे भराभर वरखाली आघात, सुरू करून तो हळूहळू वाढवत न्यावा. ज्या वाद्याची जाती हळू आणि मोठ्या आवाजात वेगळी होते, मोठ्यात नवीन काहीतरी उमलते, ते वाद्य तुम्हाला पुढची वीस वर्षे शिकवील. नुसते मोठे होणारे वाद्य लवकर संपते.

प्रकारांविषयी तुमच्या मनात जो क्रम आहे, तो थोडा सैल करायला हवा. एफ-खाचांचे मेंडोलिन १९२२ मध्ये गिब्सन कंपनीने लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली एफ-५ या नावाने बाजारात आणले. त्याआधीची त्या कंपनीची ए आणि एफ, दोन्ही मॉडेल लंबगोल किंवा गोल छिद्राची होती. खाचांच्या वाद्याचा आवाज साधारणपणे ठसठशीत, झटकन उठणारा, समूहातून चिरत पुढे जाणारा असतो. लंबगोल छिद्राचे वाद्य गोलसर, खालून भरलेले आणि जास्त वेळ रेंगाळणारे असते. एफ मॉडेलचा शंखाकृती वळसा मुख्यतः शोभेचा आहे. तो कोरायला कारागिराचे फार श्रम लागतात आणि किंमत त्या श्रमांची असते. आतली घडण आणि लाकूड सारखे असेल, तर खाचांचे ए मॉडेल आणि एफ मॉडेल यांना न पाहता ओळखणे फार अवघड आहे. फुगीर पाठीच्या नेपल्स पद्धतीच्या वाद्याला हलक्या तारा लागतात. त्याच्यावर जाड तारा चढवल्या तर तबली खचू शकते. त्याचा तुम्हाला किनरा वाटलेला आवाज हा दोष नसून वेगळी चाल आहे.

मुद्रणांवर किती विसंबावे? शंकास्पद वाद्य बाद करण्यापुरते. माइक कुठे होता यावरच निम्मा आवाज ठरतो. मोबाइलवर केलेल्या मुद्रणात तर आवाजाची पातळी आपोआप सारखी केली जाते, त्यामुळे हळू आणि मोठ्याने वाजवण्यातला फरक, जो सर्वांत महत्त्वाचा, तोच पुसला जातो.

नाशिकच्या हवेचा विचार येथे हवाच. एप्रिलमध्ये कोरडी होऊन खणखणीत बोलणारी स्प्रूसच्या अखंड लाकडाची तबली ऑगस्टच्या झडीत ओलावा पिऊन फुगते, घोडीची उंची बदलते आणि तेच वाद्य सुस्तावते. प्लायवूडच्या वाद्यात हा फरक कमी जाणवतो. म्हणून उन्हाळ्यात ऐकलेल्या एका वाद्याची पावसाळ्यात ऐकलेल्या दुसऱ्याशी आठवणीवरून तुलना करू नये. दोन्ही एकाच दिवशी, एकाच खोलीत निदान तासभर ठेवून मग वाजवावीत.

शेवटी तुम्हाला काय वाजवायचे आहे, हेही लिहायला हवे होते. भावगीतांची साथ आणि संथ ट्रेमोलो हे मुख्य काम असेल, तर मी लंबगोल छिद्राच्या पहिल्या वाद्याकडे झुकेन. वाद्यवृंदात, ढोलकी आणि कीबोर्डच्या गर्दीत बसायचे असेल तर खाचांचे घ्या. रागसंगीत वाजवायचे असेल तर दोन दाखले डोळ्यांसमोर ठेवा: संगीतकार सज्जाद हुसेन यांनी साध्या जोडतारांच्या मेंडोलिनवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, काढून दाखवली, आणि यू. श्रीनिवास यांनी पाच एकेरी तारांचे इलेक्ट्रिक मेंडोलिन घेऊन कर्नाटक संगीत वाजवले. दुसऱ्या मार्गाने जायचे असेल तर तबलीच्या लाकडाची ही सारी चर्चा तुमच्यासाठी जवळजवळ गौण ठरते, आणि पिकअप व अँप्लिफायर ऐकण्यात वेळ घालवणे योग्य.

तुमच्या चार वाद्यांपुरते सांगायचे तर एकाच कारागिराची दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारची दोन वाद्ये मिळवा, वरच्या पद्धतीने ऐका, आणि दहापैकी नऊ उत्तरे आली नाहीत तर दुसरे घेऊन उरलेल्या पैशांतला थोडा भाग घोडी बसवून घेण्यावर आणि पडदे समपातळीत आणण्यावर खर्च करा. दुकानात जाताना तुमचे जुने प्लायवूडचे मेंडोलिनही त्याच जातीच्या नव्या तारा लावून सोबत न्या. तीन वर्षांत त्याचा आवाज तुमच्या कानाला पाठ झाला आहे. त्या अनोळखी खोलीत सर्वांत आधी तेच वाजवले, की खोलीने आवाजात किती भर घातली आणि किती काढून घेतले, हे तुम्हाला लगेच कळेल, आणि नव्या वाद्यांचा आवाज ऐकताना तेवढे वजा करता येईल.